बेचाळीस पायऱ्या

जुनं शहर पालथं घातल्यावर लग्नासाठी परवडणारा हा एकच हॉल तिला सापडला होता. तीस माणसांपुरता, देखणा. पण तिसऱ्या मजल्यावर. इमारत पुरातन, म्हणून लिफ्टला बंदी. गेल्या आठवड्यात घरी सांगितल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. बाबांचे गुडघे कामातून गेलेले, आणि कुणी उचलून नेलेलं त्यांना खपायचं नाही. शेवटी ती बुकिंग रद्द करायला आली.

"वडिलांना एवढ्या पायऱ्या झेपणार नाहीत हो," ती रखवालदाराला म्हणाली.

"काठी घेऊन येतात, निळी टोपी घालून, तेच ना?" रखवालदार म्हणाला. "रोज सकाळी येतात की! काल अठराव्या पायरीवर बसून घाम पुसत होते. म्हणाले, रोज दोन-दोन वाढवतोय, लग्नापर्यंत पोचतो वर. पोरीला तेवढं सांगू नका."