पिवळ्या धाग्याचं टोक

पिवळी लोकर गुंडाळत गुंडाळत विनी स्वयंपाकघरामागच्या पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. धागा पायरी चढून सरळ मारेनच्या ॲप्रनच्या खिशात गेला होता.

"तूच," विनी म्हणाली. "मला वाटलंच होतं."

मारेनने खिशाकडे पाहिलं.

घराभोवती अकरा रंगांच्या लोकरी ताणलेल्या होत्या. व्हरांड्याच्या कठड्यातून, मेपलला वळसे घालून, सायकलींच्या खालून. प्रत्येक धाग्याच्या एका टोकाला कॉलेजच्या मुलींच्या या भगिनीमंडळात यंदा आलेली नवी मुलगी, दुसऱ्या टोकाला कुठेतरी दडून बसलेली तिची थोरली. आजपासून धाकटीचा अभ्यास, रुसवेफुगवे, सभेत उभं राहून बोलण्याची भीती, सगळं त्या थोरलीनेच बघायचं. कोणाला कोण मिळणार हे फक्त मारेनला ठाऊक असतं, कारण जोड्या तीच लावते.

पिवळ्या धाग्याच्या टोकाला तिने डेलियाला बसवलं होतं, गॅरेजमागे. पण सकाळी शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पायऱ्यांजवळच्या झुडपापाशी तो धागा तोडला. जोड द्यायला मारेनने तुटलेलं एक टोक खिशातल्या उरलेल्या लोकरीच्या गुंड्याला बांधलं, दुसरं बांधणार तोच खेळ सुरू व्हायची घंटा झाली, आणि ती यादी तपासत पायरीवर बसली. विसरली. विसरलीच, असं ती पुढेही सांगेल.

मारेनचं हे शेवटचं वर्ष. सगळ्यांची मावशी, ताई कोणाचीच नाही, असं मुली तिच्यामागे म्हणत. म्हणणाऱ्यांना सभा चालवायला तिनेच शिकवलं होतं. जिन्यातल्या भिंतीवर थोरलीच्या फोटोखाली धाकटीचा फोटो, तिच्याखाली तिच्या धाकटीचा, अशा रांगा पार तळापर्यंत गेल्या होत्या. मारेनच्या फोटोखाली नुसता खिळा होता. दुसऱ्या वर्षी तिनेच तो हौसेने ठोकला होता. त्या वर्षी नव्या मुली कमी पडल्या. पुढच्या वर्षी एका जोडीवरून दोन मैत्रिणींत जुंपली, तेव्हा तिनेच भर सभेत नियम मांडला: जी जोड्या लावेल तिने स्वतःला धाकटी घ्यायची नाही. टाळ्या पडल्या आणि जोड्या लावायचं काम सगळ्यांनी तिच्याच गळ्यात घातलं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय.

विनी एव्हाना तिच्याशेजारी बसलीसुद्धा होती. तिच्या गावच्या शाळेत अख्ख्या वर्गात नऊ मुलं, चारचौघांत बोलायची वेळच कधी आली नाही, असं ती सांगत होती. बोलताना वाक्यं कशी अर्धवट सुटतात ते तिने करून दाखवलं. पुढच्या वर्षी मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं तिला, आणि ते अजून आईलाही सांगितलेलं नव्हतं.

मारेन ऐकत राहिली. तिला ते फार हवंहवंसं वाटत होतं. गॅरेजमागून विचारायला कोणी येणार नव्हतं. डेलिया संध्याकाळपर्यंत तशीच बसली असती आणि मग 'चालेल' एवढंच म्हणून उठली असती.

"विनी," मारेन म्हणाली, "हा धागा सकाळी तुटला होता. मी चुकीचं टोक जोडलं. तुझी थोरली मी नाही."

विनीला कळायला जरा वेळ लागला. "माझी चिठ्ठी वाचलीस ना तू?"

"वाचली."

चिठ्ठीत प्रत्येकीने, थोरली असो की धाकटी, पसंतीची तीन नावं लिहायची असतात. विनीने तिन्ही ओळींवर एकच नाव लिहिलं होतं. ती चिठ्ठी आठवड्यापासून मारेनच्या उशीखाली होती.

"मग?"

"डेलियानेही एकच लिहिलं होतं. तुझं," मारेन म्हणाली. "आणि तिचं कोणीच लिहिलं नव्हतं."

विनीने बाहीला नाक पुसलं. उठली. "पण ते सभेतलं बोलणं? ते तू शिकवशील ना?"

"डेलिया शिकवेल. तिला मी शिकवलंय."

मग मारेनने झुडपाखाली वाकून पडलेलं टोक शोधलं आणि विनीच्या धाग्याला दोन गाठी मारून जोडलं. आता फक्त खिशात जाणारा धागा कापायचा राहिला. कात्री तिच्या गळ्यातल्या फितीलाच लटकत होती. सकाळपासून त्याच कात्रीने तिने अकरा रंग कापले होते.

विनी गुंडाळत गॅरेजकडे निघाली. कोपऱ्यावर ती थबकली, हातातल्या गाठीकडे पाहिलं, मग मारेनकडे पाहिलं, आणि वळली. थोड्या वेळाने डेलियाचं हसणं ऐकू आलं. ती एवढ्या मोठ्याने हसते हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

मारेन पुन्हा पायरीवर येऊन बसली. धागा तिने कापलाच नव्हता; तिच्या खिशात गुंडा अजून फिरत होता.