परीक्षकांसाठी राखलेली पट्टी

राउंडआधी जखमेची पट्टी बदलायची नाही, डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना पू दिसला पाहिजे, हा सरांचा दंडक. विद्यार्थिनीने खाटेवरच्या आजींच्या पायाची पट्टी सोडली आणि कुजका दर्प वॉर्डभर पसरला. मुलांनी नाकाला रुमाल लावले. तिने मधुमेह, काळी बोटं, हिरवट पू, सगळं गाण्यासारखं न अडखळता मांडलं. "वा, सुंदर केस!" सर म्हणाले. "उद्या परीक्षकांपुढे हीच मांड. तोवर हीच पट्टी परत गुंडाळून ठेव, बदलायची नाही." सगळे पांगल्यावर आजींनी तिचा हात धरला. "फार ठणकत होतं गं, पण पट्टी बदलायला आलेल्या नर्सबाईंना म्हटलं, या लेकीचं सांगून होऊ दे आधी. झालं ना छान?" तिला स्वतःच्याच जिभेची किळस आली. पुवापेक्षा घोकलेली वाक्यंच घाण वाटली. तिने मलमपट्टीचा ट्रे ओढला. "अगं, उद्या परीक्षकांना काय दाखवशील?" दारातून मैत्रीण किंचाळली. पट्टी बादलीत टाकत ती म्हणाली, "धुतलेला पाय."