बाबागाडीचं साल

बारशाचे पाहुणे हॉलमध्ये जमले होते. अनुश्रीनं बाळाला नुकतंच घडीच्या जुन्या बाबागाडीत निजवलं होतं. फोटोसाठी ती तिनं हातोद गावातल्या एका कबाडीवाल्याकडून खास आणवली होती. सासरे शरदचंद्र आत आले आणि गाडी पाहताच थबकले. "अगं, आधी बाळाला बाहेर काढ." "बाबा, प्लीज, फोटोवाला थांबलाय. विंटेज आहे ती, एकदम मजबूत." शरदचंद्रांनी चाळीस वर्षं तुकोगंजातल्या आपल्या दुकानात सायकली आणि बाबागाड्या दुरुस्त केल्या होत्या. ते गुडघे टेकून गाडीखाली वाकले. पाहुणे कुजबुजायला लागले. "बाबा, रहने दो ना, सगळे बघतायत," त्यांचा मुलगा देवांश म्हणाला. "चाकांना पितळी टोप्या, बिजागरीला घडी अडवणारी एकच खिटी," ते खालूनच बोलले. "ही एकोणीसशे पासष्टच्या आधीची. नंतर कंपनीनं दुसरी खिटी लावली. का लावली, ते मला माहीत आहे. काढ म्हणतो ना!" त्यांचा आवाज इतका चढला की अनुश्रीनं घाबरून बाळाला उचललं. अपमानानं तिचे डोळे भरले होते. शरदचंद्रांनी रिकाम्या गाडीच्या दांड्यावर हलकाच भार दिला. खटकन खिटी सुटली आणि दोन्ही लोखंडी बाजू गादीवर मिटल्या. शरदचंद्र जमिनीवरच बसून राहिले. अनुश्री त्यांच्याजवळ खाली बसली आणि बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "बाबा, कानात नाव तुम्हीच सांगा."