कालचा आवाज

बँकेत खुर्ची उबवलेले काका निवृत्तीनंतर वायरिंग शिकायला निघाले, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. आज एका नव्या घराच्या कामावर त्यांनी पहिला दिवा जोडला. बटण दाबताच लागला, बंद करताच विझला. तरी मुलाच्या वयाच्या मिस्त्रीने शिडीवर चढून होल्डरला टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला. काकांनी बटणाला फेजऐवजी न्यूट्रल जोडली होती. बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट होता. “असू द्या काका, मी करतो,” मिस्त्री हसला. काल याच चुकीपायी त्याने दुसऱ्या शिकाऊचे वाभाडे काढले होते. “खाली उतर,” काका म्हणाले. “मी पाहुणा नाही. माणूस मेला असता. मला झाप.” मिस्त्रीने चाचरत दोन शब्द सुनावले. “काल आवाज मोठा होता,” काका म्हणाले. मग मिस्त्री असा बरसला, की शेजारच्या खोलीतली करवत थांबली. मेन बंद करून काका शिडीवर चढले.