जुळते

भिंतींचे तडे मोजण्यात त्या तपासनीसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तडा किती लांब, किती खोल, एवढंच तो लिहायचा. भिंत पाडायची की ठेवायची, ते ज्याची भिंत त्याने बघावं. आज मात्र टेबलावर त्याच्या स्वतःच्याच तपासणीचा रिपोर्ट पडला होता. धाकट्या भावाला त्याची किडनी जुळत होती.

"'जुळते' एवढंच लिहिलंय," तो बायकोला तिसऱ्यांदा म्हणाला. "'द्या' असं कुठे लिहिलंय? माझं रक्तही गावात हजार जणांना जुळत असेल, म्हणून काय बादली घेऊन वाटत सुटू?"

"मी कुठे काय म्हणतेय?" बायको मटार सोलत म्हणाली.

"तुझं तोंड बंद आहे, पण चेहरा बडबडतोय. जे आहे ते आहे. त्यातून अमुक केलंच पाहिजे, असं काही निघत नाही."

"बरोबर आहे तुमचं."

इतक्या लवकर ती कधीच कबूल होत नसे. तो चपापला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटी जाऊ होती. स्पीकरवरून तिचा चिरका आवाज आला, "ताई, दादांचा रिपोर्ट आला का हो?"

"आला ना. थांब हं." बायकोने चष्मा लावला, कागद उचलला.

त्याने झडप घालून फोन बंद केला. "वेडी आहेस का? सांगू नकोस तिला!"

"का बरं?" बायको म्हणाली. "मी तर नुसतं लिहिलंय ते वाचून दाखवणार होते."