कोण नको, ते लिही

या, जवळ सरका, मांडी घालून बसा. एक गोष्ट सांगतो. पूर्वरंग नको, आज थेट आख्यानालाच हात घालतो.

डिलाईल रोडच्या चाळीत रघुवीर काखेत फाईल धरून जिना चढत होता. दुसऱ्या वळणावर तो थांबला. तेवढ्यात खालून धम्मपाल आला.

"काका, द्या ती फाईल. वर ठेवतो."

"राहू दे. रस्ता बघतोय जरा."

धम्मपालने तरीही फाईल घेतली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत तिसऱ्या मजल्यावर गेला. ह्याला फाईलच हवीय, रघुवीर मनात म्हणाला.

ती फाईल त्याने अकरा वर्षं जमवली होती. बेचाळीस बिऱ्हाडांच्या संमत्या, नकाशे, कचेरीकचेरीचे शिक्के. आता चाळीने बिल्डरला न देता स्वतःच इमारत बांधायचं ठरवलं होतं. बँक हो म्हणाली होती. अक्षता नावाची आर्किटेक्ट ठरली होती. ठरायचा होता काँट्रॅक्टर, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा चाळीतलाच एक प्रमुख.

ती जागा आपली, असं रघुवीर धरून चालला होता. पण तळमजल्यावरचा धम्मपाल, बांधकामावरचा सुपरवायझर, हळूहळू पुढे सरकत होता.

सभा पूर्वी तिसऱ्या मजल्यावर, रघुवीरच्या दाराशी गॅलरीत भरायची. धम्मपालने ती खाली चौकात आणली. खुर्च्या त्याच्या, पाणी त्याच्या घरचं. मग पालिकेत जाणंही त्याने स्वतःकडे घेतलं. "तुम्ही कशाला, काका? मी जातो की." लोक आता बारीकसारीक विचारायलाही त्याच्याकडेच जात.

"बरं झालं, तुमची दगदग वाचली," त्याची बायको पद्मजा म्हणाली.

"माझी दगदग तुला कधीपासून दिसायला लागली?"

ती ताटात भात वाढून आत गेली.

एकादशीला रघुवीर कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरी. हल्ली बसूनच. त्या दिवशी बुवांनी मत्सरावर निरूपण केलं. रघुवीरला ते फार आवडलं. हे धम्मपालने ऐकायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

मग तो कामाला लागला. परळला धम्मपालचं काम चालू होतं, तिथे समोरच्या टपरीवर तीन दिवस दुपारी चहा पीत बसला. काहीतरी सापडेलच.

चौथ्या दिवशी आनंदीबाई वर आल्या. वय ऐंशी. गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवायच्या, तेव्हापासून त्या माणसं एकाच रीतीने निवडत. चाळीने निवड त्यांच्यावरच सोपवली होती.

"रघू, कोण हवा ते विचारत नाही मी. त्याला गोड उत्तरं मिळतात. कोण नको ते लिही. का नको तेही. खाली सही कर."

"सगळ्यांना विचारणार?"

"तुला आणि धम्मपालला. तुमच्यातलाच एक घ्यायचाय ना."

रघुवीरने पानभर लिहिलं, घडी घातली, दिलं. त्या भरात तो एक गोष्ट विसरला. आनंदीबाईंना वाचता येत नव्हतं.

रविवारी चौकात सभा भरली. विनीत नावाचा काँट्रॅक्टर, काम आपल्यालाच मिळावं म्हणून, सगळ्यांसाठी पेढ्यांचा खोका घेऊन आला होता. आनंदीबाईंनी चिठ्ठी अक्षताच्या हातात दिली. "वाच गं. मोठ्याने."

रघुवीर अर्धवट उठला. तोवर अक्षताने सुरुवात केली होती.

"धम्मपाल नको. फार संशयी माणूस. सिमेंटची गोणी फोडून बघितल्याशिवाय आत घेत नाही. काँट्रॅक्टरचा चहासुद्धा पीत नाही, घरून बाटली नेतो. एक सळई कमी दिसली तर दिवसभराचं काम थांबवतो. मोठ्यांनाही तोंडावर नाही म्हणतो. मी तीन दिवस स्वतः बघितलं आहे. सही, रघुवीर."

अक्षताने चिठ्ठीची घडी घातली. मग विनीतने मोबाईल बघितला, दुसरी मीटिंग आठवली असं म्हणाला आणि निघाला. जाताना खोकाही घेऊन गेला.

आधी शेजारचा कोंडीराम हसला, मग सगळी चाळ. "काय रे रघू! तीन दिवस उन्हात बसून शिफारस लिहिलीस होय?"

धम्मपालच्या नावाला हात वर झाले. सगळे बघतायत म्हणून रघुवीरचाही अर्धा वर गेला. धम्मपालने येऊन त्याला वाकून नमस्कार केला. "काका, इतकं बारीक माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं." त्याचे डोळे भरले होते.

चौक रिकामा झाला. आनंदीबाईंनी कनवटीची दुसरी चिठ्ठी काढली.

"ही त्याची. सभेत वाचू नका म्हणाला."

"मग? माझ्याविरुद्धच असणार."

"असेल. तुला दोघांत एकच नाव लिहिता येत होतं, त्यालाही. मला काय कळतंय? तूच वाच. मोठ्याने."

रघुवीरने घडी उघडली. पहिली ओळ बघून तो हसला. वाटलंच होतं. मग वाचू लागला.

"रघुवीरकाका नकोत. ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबतात आणि रस्ता बघतोय म्हणतात. तिथे खिडकी नाही, भिंत आहे. दगदग बंद असा डॉक्टरांचा कागद पद्मजाकाकूंनी मला दाखवलाय. काकांना सांगू नका, मी काकूंना तसं वचन दिलंय. इमारत त्यांच्या फाईलमुळे होतेय, तर ते तिच्यात राहायला हवेत. रागावले तर माझ्यावर रागावू देत. खोल्या वाटाल तेव्हा मी प्रमुख असेन-नसेन, पण पहिला मजला देताना तेवढी काकांची आठवण ठेवा."