कोपऱ्यावरची कुंडी

या हो, अशा जवळ सरका! बुवा कीर्तनाला उभे राहीपर्यंत आमच्या उपनगरातल्या बाजाररस्त्याची गोष्ट सांगते.

रस्ता सुधारला, फुटपाथ रुंद झाला. पण साकवारबाई जिथे बसून हार विकायच्या, त्याच कोपऱ्यावर पालिकेच्या खानविलकर साहेबांनी शोभेची भलीमोठी कुंडी ठेवली. बाई टोपली उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या सकाळी एकही दुकान उघडेना. साहेब धावत आले. “संप केलात की काय?”

“छे हो! साकवारबाईंचा हार देवाला घातल्याशिवाय इथे कुणी धंद्याला बसत नाही,” चहावाला म्हणाला. “की तुमच्या कुंडीतला निवडुंग वाहू गणपतीला?”

साहेब ओशाळले. स्वतः बाईंच्या दारात जाऊन म्हणाले, “मावशी, चला. कुंडी उचलायला लावतो.”

“उचलता कशाला? थोडी सरकवा, अन् काट्यांऐवजी बकुळ लावा. माझ्या डोक्यावर सावली तरी येईल.”

साहेब कधीच निवृत्त झाले. बकुळ मात्र आता तिथे घमघमते. तिच्याखाली हार घ्याल, तेव्हा साकवारबाई समोर असतीलच. तुम्ही आठवण काढा ती चूक कळताच स्वतः बाईंच्या दारात गेलेल्या त्या साहेबांची.